श्रेय कोणाचे? ख्रिस्ती कृपाविचाराची प्रस्तावना

१५९८ साली रोममध्ये पोप आठवे क्लेमेंट यांच्या आज्ञेने एका समितीचे काम सुरू झाले. तिच्यापुढचा प्रश्न वरकरणी साधा होता. माणूस एखादे चांगले काम करतो, तेव्हा त्यात देवाच्या कृपेचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेचा किती? एका बाजूला डॉमिनिकन संघाचे पंडित होते, सालामांकाच्या दोमिंगो बान्येझ यांच्या मताचे. दुसऱ्या बाजूला जेझुइट होते. लुईस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये लिस्बनला छापलेल्या ग्रंथाची ते पाठराखण करत होते. डॉमिनिकन म्हणत, जेझुइटांनी जुनेच पाखंड नव्याने बाजारात आणले आहे. जेझुइट म्हणत, तुमचे बोलणे तर थेट प्रॉटेस्टंट कॅल्व्हिनसारखे आहे. बैठकांमागून बैठका झाल्या, कागदांचे ढीग साचले, मध्येच क्लेमेंट वारले. अखेर १६०७ मध्ये पाचवे पॉल यांनी दोन्ही पक्षांना घरी पाठवले. एकमेकांना पाखंडी म्हणायचे नाही, निकाल योग्य वेळी देऊ, एवढेच त्यांनी बजावले. तो निकाल आजतागायत लागलेला नाही.

कृपा ही तशी मवाळ वाटणारी गोष्ट. लग्नपत्रिकेच्या डोक्यावर, ट्रकच्या कपाळावर, नव्या बंगल्याच्या पाटीवर ती सुखाने नांदते. तिच्यावरून कोणाचे डोके फुटेल असे वाटत नाही. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मात्र सर्वांत कडाक्याची भांडणे ज्या थोड्या विषयांवरून झाली, त्यांत हिचा नंबर वरचा. याच विषयावरून सोळाव्या शतकात पश्चिमेचे चर्च दुभंगले. फ्रान्समध्ये पोर-रोयालचा धर्मभगिनींचा मठ याच वादापायी १७०९ मध्ये राजाज्ञेने रिकामा करण्यात आला आणि नंतर जमीनदोस्त झाला. एवढे पेटण्यासारखे त्यात काय आहे, हे समजले तर अर्धा विषय समजला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो. रोज एक दीनार. तो पुन्हा नऊच्या सुमारास जातो, दुपारी जातो, तीनला जातो, अगदी पाच वाजताही जातो, आणि जे कोणी रिकामे उभे दिसतील त्यांना कामाला लावतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सुरुवात शेवटच्या माणसापासून होते. जेमतेम तासभर राबलेल्याच्या हातावर पुरा दीनार पडतो. ते पाहून पहाटेपासून उन्हात भाजलेल्यांच्या आशा वाढतात. त्यांनाही एकच दीनार मिळतो. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या मजूर नाक्यावर असा हिशेब झाला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. मालकाचे म्हणणे एवढेच, की ठरल्यापेक्षा कमी कोणालाच दिलेले नाही.

या दाखल्यात कुरकुर करणारे कामचुकार नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. ते प्रामाणिक आहेत, घाम गाळलेले आहेत, आणि त्यांचा हिशेबही चुकलेला नाही. कृपेचा जाच होतो तो अशांनाच. सर्वस्व गमावलेल्या माणसाला ती पटकन समजते. आयुष्यभर नीट वागलेल्याला मात्र आपले नीट वागणे फुकट गेल्यासारखे वाटते.

सिद्धान्त थोडक्यात असा. ख्रिस्तानंतरच्या पहिल्याच पिढीत पौलाने रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रांत तो मांडला. हा पौल आधी ख्रिस्तानुयायांचा छळ करणारा, म्हणून त्याच्या तोंडी तो शोभतो. देव माणसाला जवळ करतो ते त्याची कमाई पाहून नव्हे. ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात देवाने आपण होऊन दिलेली ती देणगी आहे. सत्कर्मे तिच्या मागून येतात, तिची किंमत म्हणून आधी मोजली जात नाहीत. इथपर्यंत सगळ्या चर्चचे एकमत आहे. पुढे फाटे फुटतात. कॅथलिक परंपरा म्हणते, कृपा माणसाच्या आत उतरून त्याला खरोखर पालटते, आणि सात संस्कारांतून ती त्याच्यापर्यंत पोचते. प्रॉटेस्टंटांचा भर देवाच्या निवाड्यावर आहे: केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची वाट तिसरीच. चौदाव्या शतकातल्या ग्रेगरी पालामास यांना मानणारी ही परंपरा कृपेला देवाचीच शक्ती समजते आणि माणूस तिच्यात सहभागी होतो असे म्हणते.

पहिला मोठा वाद पाचव्या शतकाच्या आरंभी पेटला, आणि त्यातल्या हरलेल्या पक्षाची बाजू आधी ऐकावी. पेलाजियस मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये धर्मोपदेश करणारा, स्वतः काटेकोर आयुष्य जगणारा माणूस. रोमच्या सुखवस्तू ख्रिस्ती घरांतला ढिलेपणा त्याला सलत होता. देमेत्रियास नावाच्या एका श्रीमंत घरच्या मुलीने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, तेव्हा त्याने तिला लांबलचक पत्र लिहिले. देवाने माणसाचा स्वभावच असा घडवला आहे की ठरवले तर तो चांगले वागू शकतो, आणि जे जमणारच नाही त्याची आज्ञा देव करणार नाही, असा त्याचा आशय. आज व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हे सांगितले तर टाळ्या पडतील. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मधले एक प्रार्थनावाक्य ऐकून तो संतापला होता. देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशा अर्थाचे ते वाक्य. मग माणसाने करायचे तरी काय, हा पेलाजियसचा सवाल होता, आणि तो वावगा नव्हता.

ऑगस्टीनला मात्र आपल्या इच्छाशक्तीचा अनुभव निराळा होता. तो उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियातला. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झालेला हा विद्वान त्या पोरकट चोरीवर पानेच्या पाने लिहितो, कारण त्याला एकच कोडे पडलेले असते: चोरीसाठीच चोरी आपण का केली? ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत तो आतल्या आत फाटलेल्या अवस्थेत रडत बसला होता. बदलायचे होते आणि बदलता येत नव्हते. त्या बागेत जे घडले त्याचे श्रेय त्याने आयुष्यभर स्वतःकडे घेतले नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेत पेलाजियसचे मत धिक्कारले गेले आणि ऑगस्टीनचे शब्द पश्चिमेच्या चर्चचा पाया झाले.

पण या गाजलेल्या कथेत एक बाई आहे. सुमारे पंधरा वर्षे ती ऑगस्टीनबरोबर राहिली, त्याच्या मुलाची, आदेओदातुसची, आई झाली. घरच्यांनी ऑगस्टीनचे तोलामोलाचे लग्न ठरवले तेव्हा तिला आफ्रिकेला परत धाडण्यात आले. मुलगा बापाकडे राहिला. आपली पापे इतक्या बारकाईने टिपणाऱ्या ऑगस्टीनने तिचे नाव मात्र कुठेच लिहिलेले नाही. एखाद्याला कृपा लाभली, मग त्याच्या आसपासच्यांच्या पदरात काय पडले? कृपेची प्रत्येक कथा वाचताना हा प्रश्न विचारायला हवा. पुढच्या पानांतही तो सोडलेला नाही.

ऑगस्टीनच्या तर्काची दुसरी काळी बाजू तान्ह्या मुलांची. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांनाही सौम्य का होईना शिक्षा आहेच, असे तो म्हणून बसला. ज्याने काहीच केले नाही अशा बाळाला पाणी घालून आपलेसे करणे हे कृपेचे सर्वांत बोलके चित्र. त्याच चित्रातून शतकानुशतके आयांनी धसका घेतला. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ आधार आहेत असे सविस्तर मांडले. इतका उशीर का, असे कोणी विचारले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

लूथरची गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून मराठी वाचकाला माहीत असते, पण तिथे पैशांचा तपशील सहसा गाळलेला असतो. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टला माइंट्सचे आर्चबिशपपद मिळाले ते भरमसाट रक्कम मोजून, आणि ती रक्कम त्याने फुगर या सावकारी पेढीकडून उचलली. ती फेडण्यासाठी दंडमुक्तिपत्रांची विक्री. निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर्स बांधकामाला, निम्मा कर्जफेडीला. ही पत्रे विकणारा योहान टेट्झेल गावोगाव फिरे तेव्हा फुगरांचे माणूसही बरोबर असत. लूथरचे विटेनबर्ग ज्याच्या राज्यात, त्या फ्रेडरिकने टेट्झेलला हद्दीत येऊ दिले नाही, पण कारण धार्मिक नव्हते. त्याचा स्वतःचाच संग्रह होता. १५२० च्या यादीत १९,०१३ पवित्र अवशेषांची नोंद आहे, आणि त्यांच्या दर्शनाने मरणोत्तर शुद्धीची एकोणीस लाखांहून अधिक वर्षे माफ होत असत. एवढी वर्षे कोणी मोजली असतील, असा प्रश्न वाचकाला पडेल. मोजणारे होते, वह्या होत्या, आकडे शेवटच्या दिवसापर्यंत नेलेले होते. ३१ ऑक्टोबर १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांमागे हे सगळे होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण मराठी प्रॉटेस्टंट लेखनात ती पुष्कळदा एकांगी येते. पापांची क्षमा विकत मिळते असे कॅथलिक सिद्धान्ताने कधीच म्हटले नव्हते. दंडमुक्ती ही पापकबुलीनंतर उरलेल्या शिक्षेपुरती होती, आणि बाजारात तिचे काय झाले हा वेगळा मामला. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो या मताचा धिक्कार अगदी पहिल्याच कलमात केला. तिने लूथरचे केवळ विश्वासाचे सूत्रही नाकारले. पुढे त्याच परिषदेने दंडमुक्ती विकणाऱ्यांचे पदच रद्द केले. दोन्ही बाजूंना एका कागदावर यायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावे लागले. त्या दिवशी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जर्मनीतल्या शंभराहून अधिक धर्मशास्त्र प्राध्यापकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले होते, हेही नोंदवून ठेवावे. २००६ मध्ये मेथडिस्टही त्या जाहीरनाम्यात सामील झाले.

कृपेवरचे जगात सर्वांत जास्त गायले जाणारे इंग्रजी गीत जॉन न्यूटनचे. १७७३ च्या नववर्षदिनासाठी ओल्नी या गावी तो धर्मगुरू असताना त्याने ते रचले. त्याची कथा प्रवचनांत नेहमी अशी सांगतात: गुलामांच्या जहाजावरचा उर्मट खलाशी, १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकमध्ये वादळ, देवाचा धावा, आणि नवा माणूस. यातली एक पायरी सांगायची राहते. वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारात राहिला, इतकेच नव्हे तर वर चढला. १७५० ते १७५४ या काळात तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. रविवारी वरच्या मजल्यावर तो खलाशांची उपासना घेई, आणि खाली साखळदंडांत माणसे कोंबलेली असत. दर्यावर्दीपणा सुटला तो आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पहिल्यांदा छापील तोंड उघडले ते १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्या पुस्तिकेत त्याने स्वतःला सूट दिली नाही, आणि या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सला त्याचा मोठा आधार झाला, हे खरे. पण जहाजाच्या पोटातल्या माणसांना ती चाळीस वर्षे कोणी परत दिली नाहीत.

मराठी वाचकाला कृपेचा विचार सर्वांत जवळून पाहायचा असेल, तर तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहावा. दुष्काळात आई-वडील गमावलेली, भावाबरोबर हजारो मैल पायी हिंडलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिलेली ही बाई. १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींकडे उतरली. या संघाची शाखा पुण्यात होती, ओळख तिथली. वाँटेजला असताना तिला लंडनजवळच्या फुलम येथे नेण्यात आले. समाजाने वाळीत टाकलेल्या, ‘पतित’ म्हणून हाकललेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी तिथे आश्रम चालवला होता. चांगल्या घरच्या बायका या स्त्रियांची मायेने सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. असे का करता, असे विचारल्यावर उत्तर म्हणून त्यांना विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना जे पटले ते प्रथम तिथे, एका आश्रमाच्या आवारात.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी लेकीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा घेऊन बाई मुकाट झाल्या असे नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घातला. मांसाहार नाकारला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारले. गुरुस्थानी असलेल्या भगिनींना हा अहंकार वाटला. त्यांची पत्रे वाचणाऱ्याला आज वाटते, की फुकट मिळालेल्या देणगीच्या बदल्यात आज्ञाधारकपणा मागणे हाच कृपेचा मोठा गैरसमज, आणि तो रमाबाईंनी बरोबर ओळखला होता.

गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे कृपा म्हणजे काय हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. मधल्या काळात अमेरिकेचा दौरा झाला होता, ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ गाजले होते, १८८९ मध्ये शारदा सदन उघडले होते. म्हणजे सत्कर्मांत कसर नव्हती. तेव्हा त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र आले. कॉर्नवॉलमधल्या बॉल्ढू गावचा हा पाद्री १८५१ मध्ये प्रवचन देता देता स्वतःच पालटला होता, आणि समोर बसलेल्या एका माणसाने ते ओरडून जाहीर केले होते. वर्षानुवर्षे धर्म शिकवणाऱ्यालाच धर्म भेटायचा राहिला होता! रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत स्वतःबद्दल हेच लिहिले: ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, ख्रिस्त लागला नव्हता. पेलाजियसला उत्तर म्हणून इतके प्रामाणिक दुसरे उदाहरण भारतीय लेखनात सापडणे कठीण.

आणि इथे तो मघाचा प्रश्न विचारायचा: आसपासच्यांच्या पदरात काय पडले? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ वसले. विहिरी खणल्या, हातमाग बसले, छापखाना आला, आणि त्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवू लागल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम रमाबाईंनी मरेपर्यंत केले ते याच आवारात. आवारातल्या एका घराचे नाव होते कृपा सदन. फुलममध्ये पाहिलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसारख्यांसाठीच ते होते. ऑगस्टीनच्या कथेत जिला नावही मिळाले नाही, तिच्या जातकुळीतल्या बायकांना इथे खाट, ताट आणि काम मिळाले.

रमाबाईंच्याच पिढीतले नारायण वामन टिळक दुसऱ्या वाटेने आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. वारकऱ्याला देवाच्या कृपेची ओळख करून द्यावी लागत नाही. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसावेत अशी कल्पना होती. जर्मन विद्वान रुडॉल्फ ओटो यांनी १९३० च्या सुमारास भारतीय भक्तीतल्या आणि ख्रिस्ती कृपेचा तौलनिक अभ्यास स्वतंत्र पुस्तकात केला. साम्य त्यांनी मोकळेपणाने मानले, फरकही सांगितले. साम्य दिसले की लगेच ‘सगळे एकच’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडची सवय इथे जरा आवरावी. ख्रिस्ती कृपा एका विशिष्ट माणसाच्या, विशिष्ट दिवशी, रोमन सुभेदाराच्या हुकमाने झालेल्या मरणाशी बांधलेली आहे, आणि ती गाठ सोडवली तर ख्रिस्ती माणसाच्या लेखी काही उरत नाही.

कृपा फुकट आहे, पण स्वस्त नाही, हा विसाव्या शतकातला मोठा इशारा डीट्रिख बोनहोफर यांचा. १९३७ च्या त्यांच्या पुस्तकाचा रोख त्यांच्याच लूथरन चर्चवर होता. क्षमा घाऊक वाटायची, आणि ख्रिस्तामागे चालण्याची किंमत मोजायची नाही, अशा धर्माला त्यांनी झोडपले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत नाझींनी त्यांना फासावर दिले. ते पुस्तक लिहिणारा माणूस कर्मकांडी नव्हता, कृपेवरच जगणारा होता, म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे.

पुढील पानांकडे वळण्यापूर्वी वाचकाला एकच विनंती. पेलाजियसला मूर्ख समजून वाचायला बसू नये. मेहनतीने मिळवलेले आपले आहे, हे त्याचे म्हणणे आपल्यापैकी बहुतेकांचे मनापासूनचे म्हणणे आहे. ते आधी पूर्ण ताकदीने स्वतःशी मांडून पाहावे. त्यानंतर ‘कन्फेशन्स’चा आठवा भाग आणि रमाबाईंची साक्ष ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. साक्षीचे पुस्तक लहान आहे, एका बैठकीत होते. पटले नाही तर पेलाजियसकडे परत जायला कोणाची मनाई नाही.